मायेने उचलतात, म्हणून रॅम्प होत नाही

चाकोरीबाहेर
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय.

मी व्हीलचेअर वापरते. मणक्याला इजा झाल्यापासून कमरेखाली संवेदना नाही. नोकरी करते, हिशेब विभागात. कार्यालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. सकाळी दोन सहकारी मला खुर्चीसकट उचलून आत घेतात आणि संध्याकाळी खाली उतरवतात. मनापासून करतात, कधी तोंड वाकडं केलं नाही. एक जण रजेवर जाणार असला तर दुसऱ्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवतो.

अडचण अशी की रॅम्पचा विषय काढला की सगळे म्हणतात, "अगं, आम्ही आहोत ना! रॅम्प कशाला?" वरिष्ठांचंही तेच, वर "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे ठरलेलं वाक्य. या कुटुंबात मला लवकर येता येत नाही, उशिरा थांबता येत नाही, मधेच उठून बाहेर एक चक्कर मारता येत नाही. त्या दोघांपैकी एकाशी कामावरून खटका उडाला तर मी शब्द गिळते, कारण संध्याकाळी खाली तोच उतरवणार असतो. मध्यंतरी कुणी तरी आमचा तिघांचा फोटो काढून 'माणुसकी अजून जिवंत आहे' म्हणून ग्रुपवर टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. खाली नमस्काराच्या हातांची रांग.

तर प्रश्न असा: "उद्यापासून उचलू नका" असं सांगून टाकावं का? की इतक्या चांगल्या माणसांना असं म्हणणं हा कृतघ्नपणा?

वात्रट
पहिला प्रतिसाद माझाच! ताई, सिंहासनासकट उचलणारं हल्ली राजांनाही कुणी मिळत नाही, मजा करा. (हलकेच घ्या.)

त्या फोटोवाल्याला मात्र खुर्चीत बसवून दोघांनी मधल्या पायरीवर धरून ठेवा आणि म्हणा, हं, आता काढ सेल्फी.

जुनं खोड
वयाच्या अधिकाराने लिहितो. चाकोरी, मुली, राग मानू नकोस. पायरीपाशी अडकलेल्याकडे न बघता पुढे जाणारेच जगात जास्त. तुला जीव लावणारी दोन माणसं मिळाली आहेत, ती कायद्याच्या बडग्याने मिळत नसतात. रॅम्प जरूर माग, पण 'उचलू नका' हे म्हणू नकोस. फार लागेल त्यांना.

ध्वनिवेडा
खोडकाकांशी असहमत. मी पूर्ण अंध आहे, हा धागा स्क्रीनरीडरवर ऐकतोय. (वात्रट यांचे विनोद यंत्राच्या सपाट आवाजात ऐकण्याची मजा तुम्हा डोळसांच्या नशिबात नाही.)

मायेच्या माणसांचा माझा अनुभव सांगतो. रस्त्याच्या कडेला मी मित्राची वाट बघत उभा असतो. एक हात येतो, दंड पकडतो आणि काही बोलायच्या आत मी पलीकडे. "सांभाळून जा हं" म्हणून माणूस गायब. आता परत अलीकडे यायला दुसरा मायाळू शोधा! हे हसण्यावारी नेता येतं. पण दंड धरून ढकलत नेलं की माझी काठी पुढे पडत नाही, मग खड्डा कुठे आणि पायरी कुठे हे मला कळणार कसं? खरं तर उलट असायला हवं. मी तुमच्या कोपराच्या जरा वर धरायचं आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालायचं. तुम्ही वर चढलात की तुमचा हात वर जातो आणि मला पायरी कळते. त्यासाठी "कोपर देऊ का?" एवढं विचारलं की झालं. पण विचारायचं म्हणजे नकार ऐकायची तयारी हवी, आणि मायेच्या माणसाला नेमका नकार झेपत नाही.

मदत करणाऱ्याला जी सोपी, तीच 'सोय' ठरवायची, हा जुना रोग आहे. लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेत शिकत होता तेव्हा तिथली पुस्तकं नेहमीच्याच अक्षरांना उठाव देऊन छापलेली असत. डोळस शिक्षकांना ती वाचता येत, म्हणून ती उत्तम! मुलांना एकेक अक्षर चाचपत बसावं लागे, आणि स्वतः लिहिणं तर जवळजवळ अशक्यच. ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, ठिपक्यांची लिपी बेतली. शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. तोवर त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. ते शिक्षक दुष्ट होते असं नाही, मुलांवर त्यांचा जीवच असणार. पण मुलं आपल्याला न वाचता येणारं काही वाचू-लिहू लागली, तर आपलं काय काम उरलं?

चाकोरीताईंच्या "आम्ही आहोत ना" मध्ये मला तेच ऐकू येतं.

निशिगंध
ध्वनिवेडा, शेवटच्या दोन ओळींसाठी दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

हिशेबी माणूस
थोडं कटू बोलतो, चालवून घ्या. एका व्यक्तीसाठी इमारतीचा दर्शनी भाग तोडायचा, वर देखभाल. मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दोन माणसांची पाच मिनिटं विरुद्ध बांधकामाचा खर्च, हा साधा हिशेब आहे. माणुसकीच्या विरोधात मी नाही, पण प्रत्येक इमारतीने प्रत्येक शक्यतेची तयारी ठेवायची म्हटलं तर अंत नाही.

चाकोरीबाहेर
@हिशेबी माणूस, मीही हिशेबातलीच आहे, तेव्हा बोलू या.

तुमच्या खात्यात पाच मिनिटं धरलीत. माझं खातं असं: कार्यालयात अपंगांसाठीचं स्वच्छतागृह आहे, पण त्यात खोकी, बादल्या आणि एक मोडका पंखा ठेवलाय. दुसऱ्या स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जात नाही. म्हणून मी दुपारपर्यंत पाणी पीत नाही. मणक्याची इजा असलेल्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग आधीच पटकन होतो, त्यात हे. मग ताप, मग रजा. या रजा 'आजारपण' म्हणून माझ्या नावावर पडतात, इमारतीच्या नावावर नाही.

वात्रट
मोडक्या पंख्याला स्वतंत्र, प्रशस्त, पकडायला दांडी असलेली खोली. नशीब लागतं.

ऊनसावली
"एका व्यक्तीसाठी" यावर अडखळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना काही ना काही लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहापैकी एक. हिशेबी माणूस, तुमच्या कार्यालयात सहापेक्षा जास्त लोक असतील ना? मग बाकीचे कुठे आहेत? एक तर पायरीच्या बाहेर, नाही तर माझ्यासारखे आत आणि गप्प.

मला संधिवात आहे, तरुणपणातच सुरू होतो तो. बाहेरून काही दिसत नाही. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की दाराची गोल मूठ फिरवता येत नाही. लांब दांड्याचं हँडल असेल तर कोपराने दाबून उघडते. एवढासा फरक, पण त्यावर माझा दिवस सरळ की वाकडा ते ठरतं. बऱ्या दिवसात मी जिने चढते, वाईट दिवसात लांबच्या प्रवासाला व्हीलचेअर घेते. मग त्या खुर्चीतून उठून मी वरच्या कप्प्यातली पिशवी काढली की आजूबाजूला कुजबुज सुरू, "बघा, नाटक!" जणू खुर्चीत बसलेल्या माणसाने उभं राहणं म्हणजे एक तर चमत्कार, नाही तर फसवणूक. चाकोरी, तुला निदान लोक खरं मानतात.

(हे वाक्य वाईट ऐकू येतंय, पण काढत नाही. तू समजून घेशील.)

चाकोरीबाहेर
घेतलं समजून. आणि खरंच आहे ते.

ओठवाचक
मला ऐकू येत नाही. लहानपणी ओठ वाचायला शिकवलं. लोकांना वाटतं, ओठ वाचणं म्हणजे पुस्तक वाचणं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पान', 'बाण' आणि 'मान' म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. बाकीचं मी संदर्भावरून जुळवतो, आणि बैठकीत चार जण एकदम बोलायला लागले, एकाने तोंडावर हात धरला, दुसरा खिडकीकडे पाठ करून अंधारात बसला, की संदर्भही गेला. मग "काय म्हणाले?" असं विचारलं की उत्तर येतं, "काही विशेष नाही, नंतर सांगतो." प्रेमाने म्हणतात. ते 'नंतर' येत नाही.

ध्वनिवेडांच्या ब्रेलला जोड देतो. १८८० मध्ये मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली. ऐकू येणाऱ्यांचीच तिथे बहुसंख्या. त्यांनी ठराव केला की शाळांमध्ये खुणांची भाषा नको, मुलांना बोलायलाच शिकवायचं. अनेक देशांत शाळांमधून खुणांची भाषा हद्दपार झाली, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांनी हात हलवले की शिक्षा. सगळं काही मुलांच्या भल्यासाठी. त्याच परिषदेने २०१० मध्ये व्हँकुव्हरला जुना ठराव नाकारला आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी.

माझं मत: एक दिवस पायऱ्यांपाशी थांबा. उचलू देऊ नका. वरिष्ठांना खाली येऊन तुमच्याशी बोलू द्या.

जुनं खोड
ओठवाचक, तुमचं वाचून मला माझ्या कानयंत्राची आठवण झाली. घरात सगळ्यांचं म्हणणं, "बाबा, यंत्र का लावत नाही?" अरे, यंत्र लावलं की भांडी आदळल्याचा आवाज तुमच्या बोलण्याइतकाच मोठा होतो! पण ते राहू दे.

तिने एक दिवस बाहेर थांबायचं म्हणता, पण त्या दिवसाचा पगार कापला तर? बंड करायला सांगणारे घरी असतात आणि बंड करणारा उन्हात.

ओठवाचक
काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे. पगाराचा विचार मी केला नव्हता.

यंत्र सगळेच आवाज मोठे करतं म्हणून बोलणाऱ्याने समोर, उजेडात आणि जवळ बसायला हवं. घरच्यांना सांगा. ओरडू नका म्हणावं, ओरडलं की ओठांचे आकार बिघडतात.

पिल्लूची आई
मी जरा वेगळं बोलणार आहे.

माझा मुलगा स्वमग्न आहे, दहा वर्षांचा. त्याच्यासाठी कुठला रॅम्प बांधणार? त्याला गर्दीचा आवाज सहन होत नाही. कान दाबतो, जमिनीवर बसतो, कधी किंचाळतो. त्या वेळी मला बांधकाम नको असतं, चार माणसं थोडी मागे सरकायला हवी असतात, आणि "वळण लावलं नाही" हे वाक्य कुणी गिळायला हवं असतं. एकदा असाच प्रसंग आला तेव्हा एका अनोळखी बाईंनी काही न बोलता दिवे मंद करायला सांगितले, लोकांना दुसऱ्या बाजूने वळवलं आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आडोसा म्हणून. त्यांना कुठल्या कायद्याने सांगितलं होतं ते?

इथे सगळे मायेवर तुटून पडलेत म्हणून लिहिलं. तुम्हाला नकोशी झालेली माया आम्हाला अजून मिळायचीच आहे.

ध्वनिवेडा
ताई, खूप चांगलं लिहिलंत. पण त्या बाईंनी दिवे मंद करायला 'सांगितले', म्हणजे मंद होणारे दिवे तिथे होते. आणि त्यांनी तुमच्या मुलाला हात लावला नाही, पाठ केली. माझं भांडण दंड पकडणाऱ्यांशी आहे, पाठ करणाऱ्यांशी कधीच नाही.

पिल्लूची आई
दिवे मंद होणारे होते हे खरं. पण बटणाजवळ माणूस लागतोच ना! मी माझ्या मताशी ठाम आहे. :)

वात्रट
धाग्यावर पहिल्यांदाच दोन माणसं ठाम राहून गोड बोलतायत. प्रशासकांनी नोंद घ्यावी.

कलमबहाद्दर
उशिरा आलो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्यातलं कलम ९ सुगम्यतेचं, म्हणजे इमारती, वाहतूक, माहिती सगळ्यांना वापरता यावी याचं. कलम १९ स्वतंत्रपणे जगण्याचं. कलम २७ कामाचं. करार मान्य केलेल्या देशांत 'वाजवी सोय' नाकारणं हा भेदभाव धरला जातो. सोय देणाऱ्यावर बेसुमार बोजा पडत असेल तर अपवाद आहे, तेव्हा हिशेबी माणूस यांची काळजी करारातही घेतली आहे. पण तीन पायऱ्यांना बेसुमार कुणी म्हणणार नाही.

आणि खोडकाका, कायद्याच्या बडग्याने माणसं मिळत नाहीत हे बरोबर. मात्र कायदाही आपोआप मिळाला नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यात कलम ५०४ आलं: सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला अपंगांशी भेदभाव करता येणार नाही. नियम मात्र चार वर्षं निघेनात. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंग लोक जाऊन बसले ते तीन आठवड्यांहून अधिक काळ. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी जुडिथ ह्यूमन पोलिओमुळे व्हीलचेअर वापरणाऱ्या. लहानपणी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, का तर खुर्चीमुळे आग लागल्यास धोका! २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

ओठवाचक
कलमबहाद्दर, यातला माझा आवडता भाग तुम्ही गाळलात! आत बसलेल्यांचे फोन तोडले तेव्हा बधिर आंदोलक खिडकीत उभे राहून बाहेरच्यांशी खुणांच्या भाषेत बोलले. सरकारला ती तार कापता आली नाही.

हिशेबी माणूस
इतिहास रोचक आहे, वाद नाही. पण त्या तीन आठवड्यांचं उदाहरण एका कार्यालयाच्या तीन पायऱ्यांना लावणं जरा ताणलेलं वाटतं. मी अजूनही म्हणतो, आधी खर्चाचा अंदाज काढा. अंदाज न काढता 'होणार नाही' म्हणणारा मालक चूक, तसंच अंदाज न काढता 'झालंच पाहिजे' म्हणणारेही चूक.

ओळंबा
अंदाजाचं नाव निघालं म्हणून प्रकटलो. आराखडे काढून पोट भरतो.

एक पायरी साधारण १५ सेंमी धरली तर तीन पायऱ्यांची उंची ४५ सेंमी. रॅम्पचा उतार सर्वसाधारणपणे १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे प्रत्येक सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. ४५ गुणिले १२, ५४० सेंमी. म्हणजे ५.४ मीटर लांब उतार, रुंदी १.२ मीटर तरी हवी, आणि वर व खाली खुर्ची वळवायला दीड मीटरची सपाट जागा. दोन्ही बाजूंना कठडा, आणि कडेला छोटी उठलेली धार, नाही तर पुढचं लहान चाक घसरून बाहेर पडतं.

दारासमोर सरळ एवढी जागा क्वचितच असते. म्हणून लोक उरलेल्या जागेत बसेल तेवढी फळी टाकतात. ते रॅम्प नव्हे, ती घसरगुंडी. त्यावर चढताना खुर्ची मागे उलटते. त्यापेक्षा उतार भिंतीला लागून आडवा घ्या, किंवा मधे वळण देऊन दोन तुकडे करा, २.७ मीटरचे. पायऱ्या तोडायची अजिबात गरज नाही, त्या शेजारी राहतात. दर्शनी भाग तोडण्याचा प्रश्न इथेच मिटला. त्याच उतारावरून बाळाची गाडी, चाकाच्या बॅगा, पाण्याची जड पिंपं आणि पाय मोडलेले वरिष्ठ जातात.

ताई, दारासमोरच्या जागेची मापं द्या: दारापासून कुंपणापर्यंत किती, आणि भिंतीला लागून किती.

वात्रट
'पाय मोडलेले वरिष्ठ' हा शुभेच्छांचा प्रकार आहे की अंदाजपत्रकाचा भाग?

कणा
फिजिओथेरपिस्ट आहे. वाद चालू द्या, पण रॅम्प होईपर्यंत उचलणं चालूच राहणार असेल तर ते तरी नीट व्हावं. बहुतेक लोक हातांच्या दांड्या किंवा पायटे धरून उचलतात. हे दोन्ही भाग पुष्कळ खुर्च्यांमध्ये काढता येणारे असतात, भर पायरीवर हातात येतात! धरायची ती खुर्चीची न निघणारी चौकट. खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे करायची, एकाने मागच्या मुठी धरून खुर्ची मागे कलती करायची, दुसऱ्याने समोरून चौकट धरायची, आणि मोठी चाकं एकेक पायरी चढवायची. उतरताना तोंड तसंच बाहेर, मागचा माणूस मागेच. 'आता' म्हणायचं ते खुर्चीतल्या माणसाने, दुसऱ्या कुणी नाही. आणि मोटारवाली खुर्ची असेल तर विसरा, तिचं नुसतं वजनच माणसापेक्षा जास्त असू शकतं.

उचलणाऱ्यांच्या पाठीचंही बघा. माझ्याकडे येणाऱ्या पाठींमध्ये अशा दयाळू पाठी बऱ्याच असतात.

चाकोरीबाहेर
@कणा, 'आता' मी म्हणायचं, हे कधी सुचलंच नव्हतं. आजच सांगून बघितलं. दोघेही आधी गोंधळले, मग एक जण म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हा, मॅडम." पहिल्यांदाच मला उचलताना पोटात गोळा आला नाही.

@ओळंबा, उद्या मोजते. मोजायला खाली जायचं तर उचलायला लागेल, तेव्हा संध्याकाळी निघताना मोजेन.

निशिगंध
त्या फोटोबद्दल कुणीच पुढे बोललं नाही. ऑस्ट्रेलियाची स्टेला यंग, विनोदी कलाकार आणि पत्रकार, स्वतः व्हीलचेअर वापरणारी, हिने अशा फोटोंवर फार नेमकं बोट ठेवलं होतं: अपंग माणसाचं साधं जगणं बाकीच्यांना बरं वाटावं म्हणून वापरलं जातं. २०१४ मध्ये ती गेली. चाकोरी, तो फोटो काढून टाकायला सांगितलास का?

चाकोरीबाहेर
सांगितला. "अगं, किती लाइक आले आहेत!" हे उत्तर मिळालं. मग मी म्हटलं, "तुमचा सकाळी दात घासतानाचा टाकू का?" काढला.

ऊनसावली
हाहाहा. तुला 'प्रेरणादायी' म्हणायचा मोह आवरते.

ध्वनिवेडा
अवांतर: आत्ता एका संकेतस्थळावर अर्ज भरत होतो. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून नऊ चित्रं आली, त्यातले सिग्नल निवडायचे. मला माणूस असल्याचं सिद्ध करता आलं नाही. यंत्रमानवांच्या संघटनेत प्रवेश मिळतो का बघतो.

आणखी एक अवांतर, पण चांगलं: अंधांना वाचता येतील अशा स्वरूपातली पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता यावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला. त्याला पहिली मान्यता भारताने दिली, २०१४ मध्ये. पुस्तकांना देशांच्या सीमा ओलांडता आल्या, आता चाकोरीताईंना तीन पायऱ्या तेवढ्या ओलांडायच्यात.

धाकटा
सगळे प्रतिसाद वाचले. माझ्या मोठ्या भावाला बौद्धिक अपंगत्व आहे. आईवडील आहेत तोवर त्याचं सगळं मायेवर चाललंय आणि आमच्या घरात रात्री एकच विषय असतो: आमच्या पश्चात काय? मी आहेच, पण "मी आहे ना" हे उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. मी आजारी पडलो तर? माझं बिनसलं तर? त्याला कुठे राहायचंय, काय काम करायचंय हे त्याला विचारायची सवय आम्हालाच नव्हती. हल्ली विचारतो. उत्तर द्यायला वेळ घेतो, पण देतो. त्याला घराजवळच्या रोपवाटिकेत काम करायचंय, आम्ही शोधत होतो ती कागदी पाकिटांची कार्यशाळा त्याला अजिबात नको आहे.

मूळ प्रश्नाकडे. मला उचलू द्यायचं की नाही यापेक्षा वेगळी वाट दिसते. ताई, रॅम्पचा अर्ज लेखी करा आणि त्यावर पहिल्या दोन सह्या त्या दोघांच्या घ्या. आज वरिष्ठ त्यांच्याच चांगुलपणाकडे बोट दाखवून नाही म्हणतायत. त्या दोघांनीच लिहून दिलं की आमचं असणं हे रॅम्पला उत्तर नाही, तर मग कुणाकडे बोट दाखवणार?

जुनं खोड
धाकटा, शाब्बास. हे मला पटलं. दुखावणंही नाही, गप्प बसणंही नाही.

हिशेबी माणूस
अर्जाला ओळंबांचा आराखडा आणि किमान दोन ठेकेदारांचे दर जोडा. आणि आजारपणाच्या रजांचा हिशेबही जोडा, तो मुद्दा मला सुचला नव्हता. स्वच्छतागृह रिकामं करायला मात्र दर मागवू नका, तिथे खर्च शून्य आहे. ते आधी करून घ्या.

ओठवाचक
हिशेबी माणूस यांना +१. हे वाक्य लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

चाकोरीबाहेर
दोघांशी बोलले. एकाने लगेच सही केली. दुसरा बराच वेळ कागद हातात धरून बसला. म्हणाला, "आमचं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही, पण मला तुमच्याशी एकदा बिनधास्त भांडता यायला हवं. त्यावर हसला नाही. उद्या सांगतो म्हणाला. आज सकाळी उचलायला आला, मी 'आता' म्हटलं, आत आल्यावर सही केली आणि न बोलता जागेवर गेला. त्याला लागलंय. खोडकाका, तुमचं म्हणणं इतकं तरी खरं ठरलं.

स्वच्छतागृहातली खोकी निघाली. पंखा अजून आहे, तो कुणाच्या विभागाचा यावर पत्रव्यवहार चालू आहे.

@ओळंबा, मापं: दारापासून कुंपणापर्यंत ३ मीटर ८०. दाराच्या डाव्या हाताला भिंतीला लागून साडेसात मीटर मोकळे, त्यात शेवटी एक झाड. पायऱ्या तिन्ही सारख्या नाहीत: १५, १५ आणि सगळ्यात वरची १८.

ओळंबा
म्हणजे एकूण ४८ सेंमी, उतार ५.७६ मीटर. भिंतीला लागून आडवा घेतला तर वळणाशिवाय बसेल, खाली वळायला दीड मीटर उरतो, झाडाला हात लावायची गरज नाही. आज रात्री रेखाटन पाठवतो. एकच सांगा, दार आत उघडतं की बाहेर?

चाकोरीबाहेर
बाहेर. का?

ओळंबा
मग वरची सपाट जागा दीड मीटर पुरणार नाही. दार उघडताना खुर्ची मागे घ्यावी लागेल आणि मागे उतार असेल. एक तर दार आत उघडणारं करून घ्या, किंवा वरचा ओटा वाढवू. बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत तेही कळवा.